तिसऱ्या दिवसाचा भात

सनईचा पहिला सूर कानावर पडला आणि हिराबाईनं प्रार्थनेतली मान झटकन वर केली.

दिवस होता उत्तम शुक्रवारचा. मिशनच्या आवारातल्या ख्रिस्ती देवळात सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत बसलेली. कुणाच्या अंगावर दागिना नाही, डोक्यात फूल नाही. बाजाच्या पेटीवर काळं कापड टाकलेलं. येशूला क्रुसावर खिळलं तो हा दिवस, तेव्हा भर दुपारपासून तीन वाजेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, अशी इथली रीत. तान्ही पोरंसुद्धा त्या दिवशी शहाण्यासारखी गप्प राहायची. आणि त्या शांततेत बाहेरच्या गल्लीतून सनई! नुसती सनई नव्हे, मागं दुसऱ्या सनईनं सूर धरलेला, त्याच्या जोडीला डफ कडाडतोय, आणि चाल कसली, तर नवरीला मांडवात आणतानाची.

“अगं बाई, आज कुणाची वरात निघाली?” शेजारची बाळाबाई पुटपुटली.

हिराबाई दाराकडं बघत होती. तिनं सनई ओळखली होती. ती तिच्या आबाची सनई होती, वरच्या सुराला जरा कापणारी. आबा जाऊन दोन वर्षं झाली. आता ती फुंकणारा एकच, तिचा धाकटा भाऊ कृष्णात. त्याला तिनं रविवारी ये म्हणून सांगावा धाडला होता, आणि हा बाबा शुक्रवारीच वाजतगाजत दारात!

आता हे आक्रीत घडलं कसं, ते सांगायलाच हवं.

हिराबाईचं माहेर गडमुडशिंगीचं. घर वाजंत्र्यांचं. पंचक्रोशीतलं लग्न असो नाहीतर मयत, आबाच्या सनईशिवाय पान हलत नसे, आणि चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर तर त्यांचा मानच. हिराबाईचा नवरा बाळासो इथं कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पागेत घोड्यांच्या चाकरीला. तिथंच त्याची मिशनच्या लोकांशी गाठ पडली, आणि वर्षभरात दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पहिल्यांदा हिराबाई नवऱ्यामागून गेली, पण नंतर नंतर तिचा स्वतःचाच जीव त्या येशूत अडकला. माहेरी कळलं तेव्हा कृष्णातनं भर चावडीसमोर सांगितलं, “आजपास्नं तुझ्या घरचं पाणी मला वर्ज. तुझा उंबरा मी शिवायचा न्हाई.” आबानं नुसती सनई फडक्यात गुंडाळून ठेवली.

त्याला नऊ वर्षं झाली. मधे आबा गेला, तर ह्या शहाण्यानं सख्ख्या बहिणीला सांगावासुद्धा धाडला नाही! बांगड्या विकायला गावोगाव हिंडणाऱ्या सुलतानबीनं येऊन सांगितलं तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. हिराबाई तशीच अनवाणी पळत सुटली. ती पोचली तोवर मंडळी आबाला पुरलं त्या मातीवर भात ठेवून, कावळा शिवून, घरी परतलेली. कृष्णात दारात उभा राहिला. “आता काय बगाय आलीस?” म्हणाला आणि दार लावून घेतलं. त्या दाराचा आवाज तिच्या कानातून अजून गेला नव्हता.

पण बाई चिवट. तिनं मनाशी एकच धरलं, की हे दार उघडायचं. आणि वाजंत्र्याचं दार कशानं उघडतं ते वाजंत्र्याच्या लेकीला ठाऊक होतं. मिशनमध्ये पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरच्या रविवारी, झुंजुमुंजूला सगळी मंडळी गात गात दफनभूमीकडं जात. “त्या पहाटंला आबाची सनई वाजली पायजे,” असं तिनं पाळकांना, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंना, सांगितलं. पाळक शमुवेल मवाळ माणूस. ते विचार करू म्हणाले. पण शाळेचे याकोब मास्तर, जे देवळात बाजाची पेटी वाजवायचे, ते ताडकन उठले.

“माझा बाप उभा जन्म लोकांच्या मांडवाबाहेर उन्हात उभा राहून सनई फुंकत होता, हिराबाई. पंगत उठली की पत्रावळीतलं उरलेलं त्याच्या पदरात टाकायचे. ते सोडून आपण इथं आलो. ती गुलामी पुन्हा दारात आणू नका.”

त्यांचं खोटं नव्हतं. हिराबाईनंही तसल्या पत्रावळी पाहिल्या होत्या. तरी ती म्हणाली, “मास्तर, त्यात सनईचा काय गुन्हा?”

शेवटी पाळकांनी तोड काढली. एक वर्ष बघू, पण काही वावगं झालं तर पुन्हा ह्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. हिराबाईनं लगेच सुलतानबीच्या हाती भावाला नारळ-सुपारी धाडली. सुपारी आली की वाजंत्र्यानं नाही म्हणायचं नसतं, मग ती वैऱ्याच्या घरची का असेना. सुलतानबीनं निरोप आणला, “वाजवीन म्हनाला. पर दारात हुबं ऱ्हाऊन वाजवनार, आनि तसाच जानार. पान्यालाबी बसनार न्हाई म्हनाला. लई तिरसट हाय गं तुझा भाऊ!”

एवढंही हिराबाईला पुष्कळ होतं. एकदा दारात आला की बघून घेऊ, असा तिचा हिशोब. पण बाई एक गोष्ट साफ विसरली. मोठ्या कार्याची सुपारी आली की वाजंत्री ऐन दिवशी येत नाहीत. दोन दिवस आधी, हळदीला येतात, आणि वेशीपासून वाजवतच येतात. गुपचूप पावलांनी सणाच्या घरात शिरणं त्यांच्यात अशुभ. वाजंत्र्याच्या पोटी जन्मून हिच्या हे ध्यानातून गेलं! नऊ वर्षं पेटीवरची गीतं गाऊन माणूस असा विसरतो.

तर ती सनई आता अगदी देवळाच्या भिंतीशी आली. मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. याकोब मास्तरांचा चेहरा लालबुंद झाला. हिराबाई उठली आणि पदर सावरत बाहेर धावली. मागून बाळासो निघाला, त्याच्यामागं मास्तर, मग पाळक.

बाहेरचं दृश्य बघून तिनं कपाळावर हातच मारला. तिघंजण जोतिबाचा डोंगर उतरून थेट आलेले. परवाच पुनव झालेली, यात्रेचा गुलाल डोक्यापासून पायापर्यंत तसाच. फेटे गुलाबी, मिशा गुलाबी, डफसुद्धा गुलाबी. सगळं आवार पांढरंफटक सुतकात, आणि मध्यभागी हे तीन गुलालाचे पुतळे! पुढं कृष्णात डोळे मिटून गाल फुगवून वाजवतोय. मागं चुलता ज्ञानूतात्या सूर धरून उभा. डफवाला भीमाप्पा तर ताल धरून नाचायच्या बेतात.

“हिराबाई!” मास्तर दबक्या आवाजात ओरडले. “आज? आजच्या दिवशी? हेच सांगत होतो मी!”

हिराबाई कृष्णातसमोर गेली आणि तिनं दोन्ही हात वर केले. थांब म्हणून.

सनई तुटली. सुराची सनई थांबली. डफावरचा हात वरच्या वर राहिला. कृष्णातनं डोळे उघडले, आणि त्या गुलालाखाली त्याचा चेहरा उतरत गेला तो हिराबाईनं डोळ्यांनी पाहिला. तेव्हा तिला आठवलं. दारात आलेली सनई मधेच थांबवायची ती एकाच कारणानं. त्या घरात कुणी गेलं असेल तर.

“कोन गेलं, आक्का?” कृष्णातनं विचारलं. “दाजी?” मग त्याला बाळासो मागं उभा दिसला. “दाजी तर हाईत. मग कोन? बोल की! पांढरी कापडं कशापायी घातल्यात समद्यांनी?”

काय सांगायचं? खोटं बोलावं तर दिवस असा. खरं बोलावं तर भाऊ उलट्या पावली जाईल, आणि पुन्हा जन्मात तोंड दाखवणार नाही. शेवटी ती म्हणाली, “येशू गेला, किस्ना. आमचा देव. लई वर्सं झाली, पर आज त्येचा दिस हाय.”

“देव गेला?” कृष्णात दोन पावलं मागं सरला. “देव मरतोय व्हय?”

“मारला त्येला. लाकडावर हातापायांत खिळं मारून. सरकारच्या शिपायांनी.”

“गुन्हा काय केलाता?”

“कायबी न्हाई.”

ज्ञानूतात्यानं फेटा उतरवला. म्हातारा माणूस, त्याला देव कुणाचा हे विचारायची गरज वाटली नाही. कृष्णात मात्र हिराबाईकडं टक लावून बघत होता.

“वय काय व्हतं?”

“तेहतीस.”

“अगं आई गं! मानूस भरात की. आनि मागं?”

“आई व्हती. ती समोर उभी व्हती.”

“सोबती?”

“पळून गेलते समदे.”

“वाजवाय कोन व्हतं?”

हिराबाईला प्रश्नच कळेना. “वाजवाय?”

“मातीला नेताना गं! कोन वाजवत गेलं म्होरं?”

नऊ वर्षांत ती गोष्ट तिनं किती वेळा ऐकली असेल. खिळे ऐकले, भाला ऐकला, काट्यांचा मुगुट ऐकला. पण हे कधी तिच्या मनात आलं नव्हतं. “कोन न्हाई,” ती म्हणाली. “वाज न्हवता.”

“बिनवाजाचं नेलं?” कृष्णात मोठ्यानं ओरडला. “बेवारशागत? आईच्या डोळ्याम्होरं? आनि तुमी समदी आजबी आत मुकी बसलाईसा?”

वाजंत्र्याच्या लेखी बिनवाजाचं मयत म्हणजे ज्याला कुणी नाही त्याचं. याकोब मास्तरांना हे बरोबर ठाऊक होतं. ते काहीतरी बोलायला पुढं झाले होते, ते तसेच थांबले.

कृष्णातनं सनई काखेत धरली, फेटा उतरवून भीमाप्पाच्या हाती दिला आणि बहिणीसमोर ओंजळ केली. “आक्का, पानी घाल. गुलाल धुतो.”

हिराबाईला आपले कान खरे वाटेनात. हौद चार हातांवर होता. तिथं जाऊन तो तोंड धुऊ शकला असता. पण मयताच्या घरी वैर बाहेर ठेवून यायचं, ही त्यांची जुनी रीत, आणि रीत म्हणजे रीत. ती पळत आवारातल्याच आपल्या घरात गेली, तांब्या घेऊन आली. घाईत निम्मं पाणी भावाच्या पायांवरच सांडलं. त्यानं तोंड धुतलं, मिशा धुतल्या. गुलाबी पाणी दगडांवरून वाहत गेलं. पण प्यायला त्यानं मागितलं नाही, आणि तिनंही विचारायची छाती केली नाही.

मग तो देवळाच्या दाराकडं तोंड करून उभा राहिला, आणि त्यानं मयताचं वाजवायला घेतलं.

पाळकांनी दार उघडं टाकलं. डफ एक एक ठोका टाकत होता, मधे पुष्कळ जागा सोडून. सनई खालच्या सुरात होती, मोठ्यानं रडायचं टाळणाऱ्या माणसासारखी. हिराबाईनं हीच चाल लहानपणी शेकडो मयतांपुढं ऐकली होती. आबाच्या वेळी मात्र तिला ऐकू दिली नव्हती. ती खालीच बसली आणि हमसून हमसून रडली. येशूसाठी रडली की बापासाठी, ते तिचं तिला सांगता आलं नसतं. आतल्या बायकाही रडत होत्या. दरवर्षी पांढरी लुगडी नेसून गप्प बसणाऱ्या बायका, त्या दिवशी घरातलं माणूस गेल्यागत रडल्या. मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांचं काय झालं ते कुणाला दिसलं नाही.

वाजवून झाल्यावर कृष्णातनं सनई फडक्यात गुंडाळली. हिराबाई डोळे पुसत घाईनं उठली. “किस्ना, फुडचं ऐक. ऐतवारी सण हाय तो ह्येच्यासाठीच, की तिसऱ्या दिवशी...”

“गप!” तो एकदम अंगावर आला. “मयताच्या दारात सणाचं नाव काडतीस? अक्कल गहाण ठेवलीस काय? सण मोडला म्हनायचं आता. तिसऱ्या दिवशी मी येतो. आबाच्या तिसऱ्याला तुला...” तो थांबला. मान खाली घालून म्हणाला, “ह्या तिसऱ्याला तरी समदं रीतीनं करू.”

आणि गेलासुद्धा! हिराबाई त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडं तोंड उघडं टाकून बघत राहिली. बाळासो म्हणाला, “अगं, त्येला सांगितलं न्हाईस?” ती त्याच्यावरच खेकसली, “बोलू दिलं व्हय मला त्येनं?”

शनिवार तिला खायला उठला. रविवारी अंधार विरायच्या आत मंडळी आवारात जमली. आता मोगऱ्याचे गजरे होते, पोरांच्या अंगावर नवे कपडे होते, बाळाबाईनं करंज्या केल्या होत्या. पाळक सगळ्यांना “प्रभू उठला आहे” म्हणत होते आणि लोक “खरोखर उठला आहे” म्हणत होते. हिराबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती फाटकाकडं डोळे लावून होती.

तिघं आले. वाजवत नाही, गुपचूप. डोकी उघडी, पायांत वहाणा नाहीत. कृष्णातच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं आणि दुधाचा गडू. हिराबाईला बघताक्षणीच कळलं. भाऊ गडमुडशिंगीहून रात्रीच निघून तिसऱ्याचा निवद घेऊन आला होता.

आवारातले गजरे, करंज्या, हसरी तोंडं बघून कृष्णात जागच्या जागी थिजला.

“काय ह्ये? लाज न्हाई वाटत?” तो बहिणीला म्हणाला. “आज तिसरा, आनि डोस्क्यात फुलं? माती कुठंशी हाय दाव मला. भात ठेवतो. कावळा शिवंस्तवर बसतो.”

“किस्ना,” हिराबाई म्हणाली, “माती न्हाई.”

“म्हंजी?”

“त्या दिशी बी बायका गेलत्या. तिसऱ्या दिशी, भल्या पहाटंला, तुझ्यागतच समदं सामान घेऊन. थडग्यावरचा धोंडा बाजूला पडलेला. आत कोन नव्हतं. त्यो उठला, किस्ना. जिता झाला.”

कृष्णातनं आधी तिच्याकडं बघितलं. मग बाळासोकडं, पाळकांकडं, आणि का कुणास ठाऊक, शेवटी याकोब मास्तरांकडं. “ही मयताची थट्टा करतीया व्हय?”

मास्तरांनी मान हलवली. “नाही. खरं सांगते आहे.”

कृष्णात हिराबाईच्या घराच्या पायरीवर मटकन बसला. पातेलं मांडीवर, तोंड उघडं. मंडळी ताटकळत उभी राहिली, पण कुणी त्याला ऊठ म्हटलं नाही. मग त्यानं मान वर केली. लहानपणी विहिरीत पडता पडता वाचला तेव्हा जसे झाले होते तसे त्याचे डोळे झाले होते.

“आक्का. मग आबाबी?”

मास्तरांनी तोंड उघडलं. आबाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि शास्त्राप्रमाणं त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पाळकांनी हळूच त्यांच्या दंडावर हात ठेवला.

हिराबाई दर रविवारी मंडळीबरोबर म्हणत आली होती, की मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. पाठ होतं तिला. पण त्या मेलेल्यांत कधी आबा दिसला नव्हता, फेटा बांधलेला, ओठावर सनईचा वण असलेला. आत्ता दिसला. अगदी लख्ख दिसला.

“व्हय,” ती म्हणाली. “आबाबी.”

कृष्णातनं पातेलं पायरीवर ठेवलं आणि सनई काढून ओठाला लावली. आबा पहाटे अंगणात बसून वाजवायचा ती चाल होती. हिराबाई पोरवयात त्या चालीवर जागी व्हायची, आणि आयुष्यात तिला त्या सुरांइतकं दुसरं काही आवडलं नव्हतं. ज्ञानूतात्यानं सूर धरला. मंडळी हळूहळू दफनभूमीकडं चालायला लागली, कुणीतरी गीत काढलं, ते सनईत बसेना, मग त्यांनी गाणं सोडून दिलं आणि नुसते चालत राहिले. सूर्य वर आला तेव्हा सगळे तिथं पोचले होते. मास्तर सगळ्यांत मागं होते, पण आले होते.

परतल्यावर मंडळी करंज्यांकडं वळली. कृष्णात पुन्हा पायरीवर येऊन पातेल्याकडं बघत बसला. “आता ह्यो भात कुनाला घालायचा, आक्का? खानारा तर उठून गेला.”

“आपुन खाऊ.”

“खुळी का काय तू?” ज्ञानूतात्या दचकून म्हणाला. “मेलेल्याचा भात जितं मानूस खातं व्हय?”

“मेलंय कोन, तात्या?” हिराबाई म्हणाली.

कृष्णातनं फडक्याची गाठ सोडली. भात पांढराशुभ्र, गार झालेला. त्यानं एक घास उचलला, हातात धरून ठेवला, आणि मग तोंडात घातला. चावला, गिळला, तोंड वाकडं केलं. निवदाच्या भातात त्यांच्याकडं मीठ घालत नाहीत.

“अळणी हाय,” तो म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं उंबऱ्याच्या आत, तिच्या चुलीकडं बघितलं. “आक्का, घरातनं जरा मीठ आन की.”